रिकाम्या सीटचा पट्टा

"थंडीचं काय नाही रे दादा, माणूस सोसतो. इथं आवाजच नसतो बघ. त्याचं भ्या वाटतं."

हिमनदीवरच्या चौकीतून नवनाथ फोनवर असं म्हणाला होता, त्याला वर्षं लोटली. धाकट्या भावाचा तो शेवटचा फोन. शेखरला तो आवाज अजून ऐकू यायचा, आणि तोही भर गोंगाटात, कार्यशाळेत पत्रे ठोकले जात असताना.

शेखर नाशिकच्या लष्करी तळावर फिटर होता. यंदा चैत्रात हाती आलेलं काम साधंच होतं. सेवेतून उतरवलेलं एक जुनं निरीक्षण हेलिकॉप्टर धुऊन, रंगवून, फाटकासमोरच्या खांबावर कायमचं बसवायचं होतं.

कार्यशाळेत सगळे त्याला 'चतुर' म्हणत. पुढं काचेचं मोठं डोकं, मागं नुसत्या नळ्यांची शेपूट, तळ्यावर भिरभिरणाऱ्या चतुरासारखी. त्याला बंदूक नव्हती, डोळे होते. आराखडा परदेशातला, बांधणी इथली. मोठ्या यंत्रांना जिथं धाप लागते तिथं चढावं म्हणून मुद्दाम हलकं ठेवलेलं. उमेदीत त्यानं देवळालीच्या माळावर तोफांचे गोळे कुठं पडतात ते पाहून सांगितलं, किती तरी पोरांना उडायला शिकवलं, मग वर्षानुवर्षं बर्फात रॉकेल, टपाल आणि आजारी माणसं वाहिली.

याच चतुरच्या डाव्या सीटवर बसून तोफखान्याचा निरीक्षक नवनाथ त्या चौकीवर उतरला होता. संध्याकाळी त्याला परत आणायचं होतं. पण ढग खाली आले, आणि चतुर अर्ध्या वाटेवरून रिकामा फिरला. त्याच रात्री चौकीवर बर्फाचा कडा कोसळला. नवनाथ सापडला नाही.

त्यांच्या आईनं, सुलाबाईनं, दहावा घालू दिला नाही. निफाडचे भाऊबंद येऊन समजावून गेले. ती कुणाशी भांडली नाही, रडलीही नाही. जेल रोडच्या घरात दुपारी सूप पुढ्यात घेऊन गुणगुणत बसायची:

आभाळाच्या वाटे । लेक गेला पावलांविना
माग काढू कसा बाई । धुरळा बी उडेना

सीट रिकामी असली की तिचा पट्टा घट्ट आवळून बक्कल लावायचं, ही फिटर लोकांची रीत. सुटा पट्टा उडताना हेलिकॉप्टर चालवायच्या दांड्यात अडकू शकतो. चतुर आता उडणार नव्हता, तरी हाताला सवय म्हणून शेखरनं पहिल्याच दिवशी डाव्या सीटचा पट्टा आवळला.

दुसऱ्या सकाळी बक्कल लागलेलंच होतं. पट्टा मात्र सैल झाला होता. एका माणसाएवढा.

"वाल्मीक, तू आत बसला होतास का रे?"

"मी? माझी ढेरी मावती का त्या पट्ट्यात, शेखरशेठ?" जोडीदार वाल्मीकनं पोट थोपटलं. "बारक्या माणसाचं माप हाय ते. तुमच्या घरातलंच कुणी असंल."

बोलला, आणि मग त्याचं त्यालाच कसंसं झालं. दिवसभर तो चतुरच्या उजव्या बाजूलाच काम करत राहिला.

शेखरनं पट्टा पुन्हा आवळला, दारांना कुलूप घातलं, किल्ली खिशात ठेवली. सकाळी पट्टा पुन्हा सैल, त्याच मापाला. उन्हाळ्यात कापड ताणत असेल, असं त्यानं मनाशी म्हटलं. मग बाहेर पत्रा हाताला चटका देत असताना डाव्या बाजूची काच आतून धुरकट झालेली दिसली. पुसली, तर बोटं बधिर झाली. सीटच्या पुढं, पाय ठेवायच्या जागी, स्वच्छ पाणी साचलं होतं. छतावर कुठंच ओल नव्हती.

शनिवारी दारं कायमची बंद करायची होती. आत पाखरं शिरू नयेत म्हणून कडेनं रिव्हेट मारायचे, असं वरून ठरलेलं. शेखरनं रिव्हेट मोजून घेतले आणि परत डब्यात ओतले. आत कुणी असताना दार कसं बंद करायचं?

त्या दुपारी तो घरी जेवायला आला आणि ताट बाजूला सारून आईपुढं बसला.

"आई, दहावा घालू आपण. सोड त्याला."

"म्या कुठं धरलाय?"

"तुझ्याशिवाय कुणी धरलाय?"

सुलाबाईचा सुपातला हात थांबला. "उंबऱ्यातनं निघणाऱ्याला 'ये' म्हणत्यात. म्या तेवढंच म्हनले व्हते. आता त्याच्या उलटं कुठल्या तोंडानं बोलू? सोताच्या लेकराला?"

मग शेखरनं तिला पट्ट्याचं सांगितलं. काचेचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं. तिनं सूप भिंतीला लावून ठेवलं आणि डोक्यावर पदर घेतला.

"चल."

साहेबांना विचारून शेखरनं तिला आत आणलं. वाल्मीक उठून बाहेर गेला. शेखरनं दार उघडलं. वैशाखाच्या तोंडावरची ती दुपार, पण आतून गार झुळूक आली आणि सुलाबाईचा पदर हलला.

पट्टा लागलेला होता. सैल, गोल, मधे काही नाही.

"बघ आई, लोंबत नाही तो. ताठ आहे."

सुलाबाई बघत होती. पट्टा जरासा वर आला. खाली गेला. पुन्हा वर आला.

शेखरच्या हातातून कुलूप पडलं. त्याचा आवाज भिंतींना लागून परत आला, आणि त्या आवाजासरशी पट्ट्याची हालचाल जलद झाली. कान देऊन बसलेल्या माणसाला कुणाची तरी चाहूल लागावी तशी.

सुलाबाईनं हात पुढं केला. पट्ट्याच्या वर, जिथं छाती असायची, तिथं हवेतच तो टेकला. टेकून राहिला.

"लय वाळलास रे," ती म्हणाली.

गुडघे असायचे तिथं तिनं पदरानं झटकलं. पांढरं काही तरी खाली पडलं आणि विरघळलं.

मग चाचपडत तिनं बक्कल शोधलं. तिला ते उघडता येईना. शेखर पुढं झाला, तसं तिनं मान हलवून त्याला थांबवलं. बोटांना रेटा देऊन तिनं स्वतःच ते उघडलं.

पट्ट्याची दोन्ही टोकं पडली नाहीत. तशीच अधांतरी थांबली, वाट बघत.

सुलाबाईचे ओठ दोनदा हलले. तिसऱ्यांदा शब्द आला.

"जा, माझ्या राजा. जा आता."