तिसरा रकाना

सोतोच्या, म्हणजे कोंबडीच्या रश्श्याच्या, गाडीवर एकच जागा रिकामी, आणि शेजारी नेमके पाक सेतियाजी, म्हणजे सेतियाजी साहेब! किनांती अंग चोरून बसली. जावा बेटावरच्या सोलो शहरात, एका दवाखान्यात ती मानसोपचाराची शिकाऊ, आणि ते तिचे मार्गदर्शक. नियम त्यांचाच – प्रत्येक भेटीचं टिपण तीन रकान्यांत लिहायचं. रुग्ण काय बोलला, तू काय बोललीस, आणि तुझ्या मनात काय आलं. तिसऱ्या रकान्यात लबाडी चालत नसे.

काल तिनं लबाडी केली नाही. समोरची बाई नवऱ्याच्या हातांबद्दल बोलत असताना ‘मला तुमचे हात आठवले’ असं लिहून तिनं वही सेतियाजींना देऊनही टाकली. शहाणी कुठली!

“लिंबू?” विचारता विचारता त्यांनी तिच्या वाडग्यात पिळलंसुद्धा.

“पाक... वही वाचलीत?”

“दोनदा.”

“अक्षर इतकं वाईट आहे?”

“अक्षर छान आहे.” ते हसले, पण कान लालबुंद. “सोमवारपासून तू बू हेस्तींकडे शिकायचंस. माझ्याकडे नाही.”

घ्या! थेट दवाखान्यातल्या सगळ्यांत ज्येष्ठ बाईंकडे! रागावलेत, तर मग लिंबू कशाला पिळलं? किनांतीला काही उमगेना. डोळे मात्र भरून आले.

“खरं लिहिलं म्हणून शिक्षा?”

“शिक्षा नाही गं. मार्गदर्शकालाही मार्गदर्शक असतो. माझ्या मार्गदर्शक बू हेस्ती. माझी टिपणं त्या वाचतात.” ते चमच्यानं रस्सा उगाच ढवळत राहिले. “तीन आठवड्यांपूर्वी माझ्या तिसऱ्या रकान्यात तुझं नाव आलं. ‘तिला माझ्याकडे पाठव,’ त्या तेव्हाच म्हणाल्या. मी टाळलं... चूक माझी.”

किनांतीला हसावं की रडावं कळेना. “म्हणजे त्यांना ठाऊक आहे? आणि मी रोज त्यांना चहा नेऊन देतेय!”

“साखर जास्त घालतेस म्हणाल्या.”

“थट्टा पुरे. आता पुढे काय?”

“तुझी परीक्षा मार्चमध्ये. तोवर तुझ्या कागदावर माझी सही नाही, आणि मी तुला काही विचारणार नाही. नंतर वाटलं, तर तूच विचार.”

“नाही वाटलं तर?”

“तर एकटाच सोतो खाईन.”

“आणि विचारलंच, तर उत्तर काय असेल? बोलू नका, नुसती मान डोलवा.”

“मान डोलावली तरी टिपणात लिहावं लागतं, किनांती.”

“मग लिहा!”

सेतियाजींनी हळूच मान डोलावली. आणि किनांतीला आनंद व्हायच्या आधी एवढंच कळलं, की दर मंगळवारी त्यांच्यासोबत टिपणं वाचायचा तो एक तास आता संपला.