जांभळा अंगठा

दार ढकलून तो आत आला तेव्हा त्याच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं मांजर होतं, आणि चेहरा असा, की पंजा मांजराचा नव्हे, त्याचाच मोडलाय!

जनावरांच्या दवाखान्यातल्या मदतनीस मुलीला हसू आवरेना. तिची खोडच होती ती. रुसलेल्या रुग्णांचे फोटो काढायचे, खाली त्यांच्या मनातली ओळ लिहायची आणि बाहेरच्या भिंतीवर डकवायचे... घाबरलेल्या मालकांना तेवढाच धीर. पहिला फोटो औषध लावलेल्या बोक्याचा होता: ‘मी कोणाशीही बोलणार नाही. जेवणाचं विचारलंत तर बघू.’ कोणीतरी तो नेटवर टाकला आणि बघता बघता जो तो आपल्या कुत्र्याचे, बाळाचे, अगदी सासऱ्यांचेसुद्धा तसे फोटो करू लागला. त्यांना ‘रुसवे’ असं नावही पडलं. कोणी ठेवलं, देव जाणे.

मांजर तिच्या हातात देताना तो थबकला. औषधाने जांभळा झालेला तिचा अंगठा बघतच राहिला.

“हा अंगठा... पहिल्या रुसव्यात बोक्याच्या कानाजवळ आहे. तो फोटो तुमचा?”

“हो... का हो?”

“आई आजारी होती माझी. हसणंच विसरली होती. तो बोका बघून खुदकन हसली. म्हणाली, ‘हा राग नव्हे रे, रुसवा आहे. राग असता तर जेवण कशाला मागितलं असतं?’ मी तेच नाव फोटोखाली लिहून टाकलं.”

तिने गंमत म्हणून लिहिलेली ओळ कुठल्या तरी अनोळखी उशाशी जाऊन, नाव घेऊन परत आली होती! केवढं हे जग, आणि केवढंसं...

मग पट्टी बदलायला तो येत राहिला.

“आई कशा आहेत?”

“ठणठणीत. तुमचा अंगठा बघायचाय म्हणते.”

आज शेवटची पट्टी निघाली. आता तो कशाला येईल? मुक्या जनावरांच्या मनातलं भराभर लिहिणारी ती, पण स्वतःसाठी एक शब्द सुचेल तर शपथ!

“येतो मग...” तो दाराशी घुटमळला.

तिने पटकन त्याचा फोटो काढला, खाली ओळ लिहिली आणि नोंदवहीतल्या त्याच्या नंबरवर तो धाडून दिला. त्याचा फोन वाजला. त्याचाच उतरलेला चेहरा, आणि खाली: ‘मांजर बरं झालं. आता कुठल्या निमित्ताने येऊ?’

त्याचे कान लाल झाले. “हे माझ्या मनातलं. आणि तुमच्या?”

“आहे ना काहीतरी,” ती जांभळा अंगठा मुठीत लपवत म्हणाली. “त्याला नाव तेवढं तुम्ही ठेवा.”

तो परत आत येऊन बाकावर बसला. घरी जायला निघालेलं मांजर मात्र सपशेल रुसलं.