हणमंतरावांची पकड

हणमंतराव गेले तेव्हा विद्यानगरातल्या बायकांनी कुसुमताईंना मोकळं रडून घ्यायला सांगितलं. रडूच येईना, त्याला त्या तरी काय करणार! लग्नापासून या माणसानं त्यांना मनगट धरूनच बाहेर नेलं, अगदी गौलीगुड्याच्या बाजारातसुद्धा. लोक म्हणायचे, काय जीव आहे बायकोवर! जावे त्याच्या वंशा, तेव्हा कळे.

दहाव्याला मुशी नदीच्या काठी कावळा पिंडाला शिवेना. ऊन चढलं. भटजी घड्याळ बघू लागले.

"वहिनी, दादाचा जीव लेकीत अडकला असंल. कायतरी कबूल करा," दीर नामदेवराव म्हणाले.

एकदाचं उरकावं म्हणून कुसुमताई बोलून गेल्या, "रेणूला एकटीला कुठंच पाठवणार नाही."

कावळा लगेच शिवला.

घरी येऊन हात धुताना त्यांच्या मनगटावर बोटं होती. दिसत नव्हती, पण अंगठा कुठं टेकलाय तेही कळत होतं. डॉक्टर म्हणाले, नस दबली असेल. मलम दिलं.

सत्त्याण्णव साल होतं. गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते आणि ज्याची त्याची पोरं अमेरिकेला निघाली होती. कुसुमताईंचा विरोध असतानाही रेणू तिकडं जायच्या परीक्षेसाठी इंग्रजी शब्द घोकत होती.

"आई, 'मकाब्र' म्हणजे मरणाची आठवण देणारं, भेसूर. कुणी म्हणतात, आपल्या मकबऱ्याच्याच खानदानातला शब्द. पक्कं कुणालाच मालूम नाही. फ्रान्समधी कब्रस्तानाच्या भिंतीवर चित्रं होती म्हणे. मेलेला जित्याचा हात धरून नाचत नेतो."

"सोडतो कधी?" अंबाडी निवडता निवडता कुसुमताईंनी विचारलं.

"ते सर बोलले नाहीत," रेणू हसली. "दुसरं कुणी गावल्यावर सोडत असंल."

त्या दिवसापासून कुसुमताईंनी विरोध सोडला. व्हिसा आला तेव्हा नामदेवरावांनी टोकलं, "वहिनी, कबूल केलतं न तुम्ही?"

"पोरीचं भलं बघू का कावळ्याचं?"

बेगमपेठ विमानतळावर रेणू पाया पडून आत वळली, आणि मनगट सुटलं. कुसुमताईंनी हात उंच करून हलवला. स्वतःची लाज वाटली त्यांना, पण आनंद लाजेहून मोठा होता.

रविवारी सकाळी फोन आला. खोली चांगली आहे, थंडी लई आहे. मग रेणूचा आवाज बारीक झाला.

"आई, उतरल्यापासून कुणी मनगट धरल्यावाणी वाटतंय."

कुसुमताईंनी आपला हात पदराखाली घेतला.

"अंगठा आतल्या बाजूनं. बाबा धरायचे तसा."

फोनमध्ये खरखर होत राहिली.

"आई, आहेस न?"

"हौ," कुसुमताई म्हणाल्या. "सवय होते, बाळा."