एकोणचाळीस उत्तरं

न्यायालयासाठी मेंदू तपासणाऱ्या मज्जान्याय प्रयोगशाळेतल्या त्या दोन खोल्यांमध्ये एकच भिंत होती, पण ती इतकी जाड की पलीकडे कुणी हातोडा मारला तरी अलीकडे कळू नये. डाव्या खोलीत रणधीर कणसे बसले होते आणि उजव्या खोलीत त्यांची बायको हर्षदा. दोघांनाही तेच चाळीस प्रश्न विचारले जात होते. एकतीस वर्षं संसार करून नवऱ्याशी आपलं उत्तर जुळू नये म्हणून देवाला हात जोडणारी हर्षदा ही बहुधा पहिलीच बायको असावी.

बाहेरच्या बाकावर तिची वकील तस्नीम मुजावर बसली होती. मेंदूला मार बसलेल्या माणसांच्या कुटुंबांना कायद्याची मोफत मदत देणारं एक केंद्र सांगलीत होतं. तस्नीम तिथे अकरा वर्षं काम करत होती. एवढ्या वर्षांत तिने पुष्कळ खटले पाहिले, पण असा एकही पाहिला नव्हता.

रणधीर हळदीच्या बाजारातले पारखी. हळकुंड कानाजवळ धरून मोडायचं आणि नुसत्या आवाजावरून प्रत सांगायची, ही त्यांची ख्याती. दुसरी ख्याती भांडणाची. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणाऱ्यांतला हा माणूस नव्हता. व्यापारी, अडते, मेहुणे, शेजारी, कुणाचंही म्हणणं त्यांनी पहिल्या फटक्यात मान्य केल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. घरात तर पंखा कितीवर ठेवायचा यावरही सुनावणी व्हायची.

तीन वर्षांपूर्वी गोदामातली पोत्यांची थप्पी त्यांच्या अंगावर कोसळली. जीव वाचला, पण मेंदूचा पुढचा भाग चेचला गेला. मग डॉक्टरांनी कवटीत मज्जापूरक बसवला. मेंदूचा जो भाग कामातून गेला त्याचं काम करणारा, बोटाच्या पेराएवढा यंत्रमेंदू. पूरक बसवताना कोरा असतो. त्या माणसाचा स्वभाव त्याला कुणीतरी शिकवावा लागतो, आणि ते काम घरच्या माणसाचं. सहा महिने रोज जेवणानंतर दोन तास हर्षदा यंत्रासमोर बसली. यंत्र विचारायचं, अमक्या प्रसंगी रणधीर काय म्हणाले असते? ती सांगायची.

चूक झाली ती इथे. अंथरुणावरच्या माणसाचे दोष काढायचे नाहीत, ही हर्षदाच्या माहेरची शिकवण. तिने नवऱ्याचं सगळं चांगलं तेवढं सांगितलं. चांगलं आठवेना तिथे स्वतःला जे बरं वाटेल ते सांगितलं. यंत्र बिचारं प्रामाणिक. शिकवलं तेवढं शिकलं.

घरी आलेले रणधीर चालत, जेवत, बोलत. हर्षदाने विचारावं, "आमटी कशी झालीय ओ?" त्यांनी म्हणावं, "छान झालीय." पहिले काही महिने तिला सुखाचे वाटले. मग तिला भीती वाटू लागली. एकदा तिने मुद्दाम आमटीत मूठभर मीठ टाकलं. रणधीरांनी वाटी संपवली आणि ते म्हणाले, "छान झालीय." ती उठून परसदारी गेली आणि कितीतरी वेळ धुणं धुवायच्या दगडावर बसून राहिली. घरात दोन माणसं असताना एवढं एकटं वाटू शकतं हे तिला माहीत नव्हतं. हे तिने कुणालाच सांगितलं नाही, वकिलालाही नाही.

मग रणधीरांच्या थोरल्या बहिणीने, जतच्या रोहिणीताईंनी, म्हणजे त्यांच्या अक्काने, न्यायालयात अर्ज केला. त्यात एकच मुद्दा होता. हा माझा भाऊ बोलत नाही, त्याच्या तोंडून माझी भावजय बोलते. तसं ठरलं तर कायदा स्पष्ट होता. पूरकाला शिकवणारी व्यक्ती पालक होऊ शकत नाही, ताबा रक्ताच्या नातेवाइकाकडे जातो. रणधीर स्वतः बोलतात असं ठरलं, तर कुठे राहायचं ते त्यांनी स्वतः ठरवायचं.

"वहिनी, तुम्हाला नेमकं काय हवंय?" तस्नीमने पहिल्या भेटीत विचारलं होतं.

"ते माझ्यापाशी राहायला पाहिजेत." हर्षदा म्हणाली. "आणि ते तेच आहेत, एवढं कुणीतरी कागदावर लिहून द्या मला."

स्वत्वचाचणी त्यासाठीच होती. शिकवणाऱ्याने स्वतःच्या मनाने उत्तरं द्यायची, रुग्णाने त्याच्या. कायदा शेकडेवारी मागत नव्हता. शिकवणाऱ्याच्या विरुद्ध जाणारं, कारणासह दिलेलं एक उत्तर मिळालं तरी माणूस स्वतंत्र.

दार उघडून मज्जातज्ज्ञ डॉ. ढवळे बाहेर आले. "एकोणचाळीस जुळली," ते म्हणाले. "शब्दसुद्धा तेच."

तस्नीमने डोळे मिटून घेतले. "आणि चाळिसावं?"

"ते वेगळं आहे. बाकीची उत्तरं सेकंदाच्या आत आली, याला चार मिनिटं लागली."

"एवढा वेळ का?"

"पूरकाचं काम साधं असतं, मुजावर मॅडम. प्रश्न आला की तो बघतो, आपल्याकडे उत्तर आहे का. असलं तर देऊन टाकतो. दुखावलेला मेंदू हळू चालतो. त्याचं उत्तर जिभेवर येईपर्यंत पूरक बोलून मोकळा झालेला असतो. पण पूरकाकडे उत्तर नसलं तर तो गप्प बसतो, आणि मग मूळ मेंदूला वाट मिळते."

"प्रश्न कोणता होता?"

"तुम्हाला कुठे राहायला आवडेल? हर्षदाबाईंनी याचं उत्तर त्याला शिकवलंच नव्हतं. ते आपल्या घराशिवाय दुसरीकडे कुठे राहतील, हे त्यांच्या मनातच आलं नसणार."

"म्हणजे आपण जिंकलो," तस्नीम म्हणाली. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर मात्र आनंद नव्हता.

हर्षदाला बोलावून त्यांनी चाचणीची ध्वनिचित्रफीत दाखवली. पडद्यावर रणधीर गप्प बसलेले. कपाळावर घाम, हाताची मूठ वळतेय, सुटतेय. बऱ्याच वेळाने ओठ हलले.

"अक्काकडे."

"का?" डॉक्टरांचा आवाज.

पुन्हा तेवढीच शांतता. "ती... भांडते. मग मला... बोलायला मिळतं."

हर्षदाला सगळं आठवलं. रोहिणीताई यायच्या, आल्या आल्या भावाशी कशावरूनही वाद घालायच्या, आणि रणधीर असेच घामाघूम होऊन अडखळायचे. त्या वादांची उत्तरं तिने यंत्राला शिकवलीच नव्हती. त्यांना त्रास होतो म्हणून हर्षदानेच नणंदेचं येणं बंद केलं होतं.

"म्हणजे ते आत आहेत," ती म्हणाली.

"आहेत," डॉक्टर म्हणाले.

"एवढी वर्षं? मी आमटी कशी झालीय विचारायची, ते ऐकत होते?"

"ऐकत होते. त्यांचं उत्तर यायच्या आधीच दुसरं गेलेलं असायचं."

हर्षदाला आनंद झाला, आणि आनंद झाला याची लाज वाटली. आपण एकट्या आहोत असं ती समजत होती. तिच्याहून एकटा माणूस रोज तिच्या समोर बसून जेवत होता.

"ते यंत्र काढून टाका."

"त्यावरच त्यांचं गिळणं आणि चालणं आहे, बाई."

"मग मी परत शिकवते. खरं खरं शिकवते."

"ते सहा महिन्यांत पक्कं होतं. नंतर शिकत नाही."

ती उठून डाव्या खोलीत गेली. तस्नीम दारात थांबली. हर्षदा नवऱ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"अहो, तुम्ही नका जाऊ. मी भांडेन तुमच्याशी. आजपासून प्रत्येक गोष्टीवरून भांडेन. राहाल ना?"

"तू म्हणशील तसं, हर्षदा," रणधीर म्हणाले. मायेने म्हणाले, आणि लगेच म्हणाले.

ती चिडून बोलली, नाही नाही ते बोलली, त्यांच्या आईवरूनही बोलली. प्रत्येक वाक्याला गोड उत्तर तयार होतं. तिच्या तोंडून निघेल अशा कुठल्याही बोलण्याला ते तयारच असणार होतं, कारण शिकवणारी तीच होती. नंतर ती गप्प बसली आणि नुसती वाट बघू लागली. रणधीरांच्या कपाळावर घाम आला, ओठ जरासे हलले, पण उत्तर कधीच देऊन झालं होतं.

हर्षदाने पदराने त्यांचं कपाळ पुसलं आणि ती दाराकडे वळली.

"वकीलबाई, रोहिणीताईंना फोन लावा. म्हणावं, न्यायला या," ती म्हणाली. "आणि सांगा, ते आजारी आहेत म्हणून भांडणात हयगय करू नका."