उलट दिशेचा बेकरीवाला

सकाळी पळायला जाण्यात तिचा फायदा एकच होता. तेवढा वेळ आत्या "मग, काय ठरलं?" असं विचारू शकत नसे. तब्येत, मोकळी हवा वगैरे लोकांना सांगायची कारणं. ती कवळ्या बनवायची; दातांच्या डॉक्टरांकडून साचे येत आणि ती त्यांत दात बसवी. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या लॅबनं तिला बोलावलं होतं, आणि ती धड हो म्हणेना, धड नाही म्हणेना. "दोन दगडांवर पाय ठेवून उभी राहा अशीच," आत्या म्हणायची. ती बुटांच्या नाड्या आवळायची आणि सटकायची.

शहराच्या कडेला टेकड्यांचं राखीव रान होतं. त्यात एक गोल पायवाट, फार अवघड नाही, पण दम काढणारी. फाटकावरचा बाण दाखवी त्या बाजूनं गेलं की आधी खडा चढ, मग लांबलचक उतार. ती बाणाबरोबर जाणारी. कडू औषध आधी गिळून टाकावं, असा स्वभाव.

एका दमट सकाळी वळणावर समोरून एक जण आला. वाट अरुंद. ती डावीकडे सरली, तोही तिकडेच. ती उजवीकडे, तर तोही. त्याच्या भुवयांना पीठ लागलेलं. तो ओशाळून हसला आणि तिची नजर सवयीनं दातांवर गेली. वरचा एक सुळा जरा पुढे होता... आणि बरा दिसत होता, हे तिला उगाचच खटकलं.

"उलटे आलात," असं म्हणून ती निघाली.

पण गोल वाटेवर समोरासमोर पळणाऱ्यांची गाठ पुन्हा पडतेच. ओढ्यावरच्या लाकडी पुलावर तो परत समोर. "मी सुलटाच. हळूहळू चढावं आणि धाडकन उतरावं," तो म्हणाला, आणि गेलासुद्धा.

असं सुरू झालं. प्रश्न पुलावर, उत्तर वळणावर, मध्ये अर्धी टेकडी.

"भुवयांना काय लावता?"

अर्ध्या फेरीनंतर— "पीठ. नाक्यावरची बेकरी माझी. आणि तुम्ही?"

"कवळ्या करते."

"म्हणजे माझे टोस्ट खाऊन ज्यांचे दात मोडतात..."

ती पुढे गेलेली असायची. हसू तेवढं झाडांतून त्याच्यापर्यंत परत यायचं.

"हा सुळा नीट करून द्याल?" त्यानं एकदा विचारलं.

ती तशीच पुढे पळाली. पुढच्या गाठीला मात्र, अगदी जवळून जाताना म्हणाली, "कोणाला हात लावू देऊ नका त्याला."

घरी तिला चैन पडेना. मेणात दात बसवताना हात घसरे. एक कवळी तर अशी हसरी झाली, की डॉक्टरांनी ती परत पाठवली. आणि मग लॅबनं निरोप धाडला, परवा संध्याकाळपर्यंत कळवा.

निरोपानंतरच्या सकाळी शेवटच्या गाठीला तिनं वेग कमी केला. "मला बाहेरगावी नोकरी मिळतेय. उद्या कळवायचंय. जाऊ?"

तो दोन पावलं पुढे गेला आणि वळला. "उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी ती उजाडताच रानात पोचली. वळणावर तो नाही. पुलावर नाही. ती वेग वाढवत राहिली. पाय भरून आले, तरी थांबवेना. पुन्हा वळण, पुन्हा ओली रिकामी वाट. आला नाही म्हणजे काय ते सांगितलंच की त्यानं... चढाच्या माथ्यावर ती थांबली, मोबाइल काढला आणि लॅबला लिहिलं, "येते." पाठवूनही टाकलं.

तेवढ्यात मागून भात्यासारखा आवाज आला. तोच. लालबुंद, कमरेवर हात.

"तुम्ही... मागून कसे?"

"उत्तर एका वाक्यात... बसेना. म्हटलं, आज तुमच्याच बाजूनं... शेजारून पळावं. तर तुम्ही वाघ मागे लागल्यासारख्या." तो मटकन दगडावर बसला. "हाक मारायलाही दम उरला नाही. हा चढ माणसांसाठी आहे का?"

एकाच दिशेनं पळणाऱ्यांची गाठ पडत नाही, एवढं साधं गणित त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं. प्रेमात पडलेल्यांचं गणित असंच असतं.

"मग? काय उत्तर?"

"जाऊ नका."

पानांवरून पाणी ठिबकत होतं. "मी आत्ताच हो म्हणून कळवलं," ती म्हणाली.

भट्टीतून अवेळी काढलेल्या पावासारखा त्याचा चेहरा बसला. "...फिरवता येईल ना?"

"येईल. पण नाही फिरवणार. मला जायचंच होतं हो. फक्त कोणीतरी जाऊ नको म्हणायला हवं होतं. कोणीतरी म्हणजे... तुम्ही."

"हा कुठला न्याय? थांब म्हणणाऱ्यालाच टाकून जायचं?"

"टाकून कोण म्हणालं?" तिनं त्याच्या भुवईवरचं पीठ बोटानं पुसलं. पीठ गेलं, बोट जरा रेंगाळलं. "तिथली माणसं पाव खात नसतील का?"

तो दगडावरून उठला. "आणि इथली भट्टी?"

"घरात दुसरं कोणी नाही?"

"दाजी आहेत, ताईचे यजमान. गल्ल्यावर बसून रोज ऐकवतात, भट्टी माझ्या हातात असती तर दाखवलं असतं."

"मग दाखवू द्या की त्यांना."

तो हसायला लागला. "तू भलतीच आतल्या गाठीची आहेस."

"तू," ती म्हणाली, जणू चवच घेतली. मग दोघं उतरायला लागले. वाट एकापुरतीच होती, तरी शेजारी शेजारी.

आता हिशेब. तिला नोकरी मिळाली, वर माणूसही. त्याला नव्या गावात छोटी भट्टी मिळाली आणि सकाळी पळायला सोबत. आत्याला "मी म्हटलंच होतं" असं चारचौघींत सांगायची सोय झाली. या सगळ्याची किंमत मोजली ती एकट्या दाजींनी. ते आता पहाटे अंधारात उठून पीठ मळतात, आणि गल्ल्यावर ताई बसते. ती त्यांना रोज सांगते, भट्टी माझ्या हातात असती तर दाखवलं असतं.