सूर्यानं पाठवलेलं

फोन वाजला तेव्हा पंकजाचे दोन्ही हात मुरुक्कूच्या पिठात होते. कढईत तेल तापलेलं, साच्यातून पहिलं वेटोळं नुकतंच सुटलेलं, आणि नेमका तेव्हाच खिडकीतला मोबाइल वाजायला लागला. तिनं पदराला हात पुसले न पुसले, कढई तशीच सोडली आणि खिडकीकडे धावली.

"आले रे, आले… थांब जरा," ती फोनला म्हणाली.

फोनचा पडदा काळा. बोट लावलं, तरी काळाच. पिठाचं बोट म्हणून ऐकत नसेल असं वाटून तिनं ते पुन्हा नीट पुसलं आणि परत टेकवलं. जणू आत कुणीतरी हाक मारतंय हे ऐकू येत होतं, पण दार काही उघडत नव्हतं! मग वाजणं थांबलं, आणि ते थांबल्यावर पडदा उजळला. फोन आपल्या मनानंच बंद झाला, आपल्या मनानंच पुन्हा सुरू झाला, आणि कुणाचा फोन होता त्याचा मागमूससुद्धा उरला नाही. मागे कढईतलं मुरुक्कू करपून काळं झालं होतं.

"सूर्याचाच असेल," पंकजा स्वतःशी म्हणाली आणि झाऱ्यानं ते काळं वेटोळं बाजूला काढलं.

सूर्या म्हणजे तिचा दीर. दीर म्हणायचं ते नात्यानं, एरवी तिनं त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. तिचा नवरा राधाकृष्ण स्वामीमलैला मूर्ती ओतणाऱ्यांच्या कारखान्यात हिशेब लिहायचा. सासूसासरे आधीच गेलेले; एका तापाचं निमित्त झालं आणि राधाकृष्णही गेला. माहेरची माणसं तंजावरहून तिला न्यायला आली होती. वय तरुण, मूलबाळ नाही, पुन्हा संसार मांडता आला असता. पण अर्ध्या चड्डीतला सूर्या खांबाला टेकून तिच्याकडे बघत उभा होता… "ह्याला कुणाच्या पदरात टाकून येऊ?" एवढंच ती वडिलांना म्हणाली, आणि बांधलेलं बोचकं तिनं पुन्हा सोडलं. त्यानंतरचं तिचं आयुष्य पिठात आणि तेलात गेलं. कुंभकोणमात कुणाच्या घरी लग्न निघालं की मुरुक्कू, अनारशासारखं अधिरसम, लाडू करायला रायरांच्या घरच्या अम्माला बोलवा, असं तमिळ शेजारीपाजारी एकमेकांना सांगत; पिढ्यान्‌पिढ्या तिथंच राहिलेल्या मराठी घरांना ते रायर म्हणत. त्या कष्टांवर सूर्या शिकला, इंजिनियर झाला आणि चेन्नईला एका मोबाइलच्या कंपनीत लागला.

पहिल्या पगारातून त्यानं तिच्यासाठी कंपनीचाच फोन आणला. तिला तो शिकवताना म्हणाला, "वैनी, ह्यात मधूनमधून अपडेट येईल. घेऊ का म्हणून विचारेल, तेव्हा होय म्हण. ते आम्हीच ऑफिसात बसून करतो. मीच पाठवलंय असं समज."

झालं! पंकजानं ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं. अपडेट आलं की ती हात धुऊन येई, डोळ्यांना चष्मा लावी आणि "होय" वर बोट टेकवी. तो आकड्यांचा पट्टा हळूहळू भरत जाताना बघत बसे. शेजारीण हाक मारायला आली तर सांगे, "थांब गं, सूर्यानं काहीतरी पाठवलंय." गावाहून डबा यावा तसं तिला ते वाटायचं. हजारो मैलांवरच्या अनोळखी लोकांनाही तेच जातं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तिनं मानलं नसतं.

पण काय व्हायचं, दर वेळी पाठवलेलं आलं की फोन जरा आणखी मंद होई. आधी फोटो काढायला वेळ लागू लागला. मग चित्रं उघडेनाशी झाली. मग ऑर्डरीचे निरोप दुसऱ्या दिवशी दिसू लागले, तोवर लोकांनी लाडू दुसरीकडून नेलेले असत. आणि शेवटचं अपडेट घेतल्यापासून तर फोन उचलताच येईना, आणि इकडून लावायला जावं तर बोटाखाली काही हलेना. चुकूनसुद्धा तिनं कुणाजवळ तोंडातून ब्र काढला नाही. सूर्यानं पाठवलेल्याला नावं कशी ठेवायची? कुणाच्या तरी फोनवरून त्याला लावावा, तर त्याचा नंबरही ह्याच डब्यात कोंडलेला. आणि शेजारी मागायला जावं तर सांगावं लागणार, की आमच्या सूर्याच्या कंपनीचा फोन चालत नाही. दिव्याखाली अंधार, तो हा असा.

त्यातून सूर्याचं लग्न ठरलेलं. मुलगी तंजावरची, मधुमिता, आपल्यातलीच. ह्या घराण्याची एक रीत होती. मुलगा लग्नाला निघायच्या आदल्या संध्याकाळी आई त्याला देवासमोर बसवून दूधभाताचा पहिला घास भरवते. जिच्या हातचा घास, ती पुढे साऱ्या लग्नात आई. मान तिचा, आईची साडी तिची, सुनेला उंबऱ्यातून आत घेणारीही तीच. आई नसेल तर मुलानं स्वतः विचारायचं असतं, की मला घास कोण भरवणार.

सूर्या विचारेल, ह्याची पंकजा वाट बघत होती. ती विधवा, तिच्या हातचा घास चालणार नाही, हे तिला कळत होतं. त्यानं विचारलं असतं तर ती स्वतःच म्हणाली असती, "नको बाळा, मामीला सांग." पण एकदा त्याच्या तोंडून ऐकायचं होतं तिला… एवढंच.

एके दिवशी तिरुनागेश्वरमहून रंगामामा आले, सूर्याचे सख्खे मामा. बरोबर सुब्बलक्ष्मीमामी. पितळेच्या वाटीसारख्या डबऱ्यातली कॉफी फेसाळून ओठांना लावता लावता मामा म्हणाले, "पंकजा, सूर्या विचारत होता. तुझा फोन बिघडलाय का गं? उचलत नाहीस म्हणे."

पंकजाच्या जिभेवर आलं होतं, अगदी टोकावर आलं होतं! पण मामी समोर बसलेली. सूर्यानं सरकारी नोकरी धरली नाही म्हणून जिनं इतकी वर्षं नाक मुरडलं, ती. "फोनची कंपनी म्हणजे काय, खेळण्यांचं दुकान," असं जी चारचौघांत म्हणाली होती, ती. तिच्या देखत सूर्याच्या कामाला बट्टा लावायचा?

"छे हो, छान चालतोय," पंकजा म्हणाली. "मीच कामात असते."

मामांनी ते जसंच्या तसं सूर्याला कळवलं. आणि पंधरवड्यानं मामी एकटीच आली, पिशवीतून विड्याची पानं काढून तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "घास मीच भरवायचा ठरलंय हो. सूर्यानंच फोन करून विचारलं. सवाष्णीचा हात हवा, कळतं त्याला."

"बरं झालं, मामी," पंकजा म्हणाली.

मग ती आत गेली आणि अधिरसमचा पाक हलवत उभी राहिली. पाक कधीच झाला होता, तरी ती हलवत राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते दंडाला पुसत होती. त्याचं चुकलं असं तिला वाटत नव्हतं. पण मला विचारलं तरी असतं… एकदा विचारलं तरी असतं! ज्या पोराच्या तापात रात्र रात्र कपाळावर पट्ट्या ठेवल्या, त्याला हा एक प्रश्न विचारणं इतकं जड झालं? मग तिनं स्वतःलाच दटावलं. लग्नघर आहे, रडतेस काय. मामीच्या साडीला शोभेल असा ब्लाउजचा तुकडा बघायला ती दुसऱ्याच दिवशी तिरुभुवनमला गेली.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी सूर्या आला. रिक्षातून उतरला, बॅग दारापुढच्या ओट्यावर, तिण्णैवर ठेवली आणि चप्पल काढता काढता थांबला. त्याच्याही मनात राग होताच. आतून मुरुक्कूचा वास येत होता. वैनी घरात आहे, फोनही घरात आहे, मग माझ्याच वेळेला काय होतं हिला? खिशातून फोन काढून त्यानं तिथूनच तिला लावला, बघावं तरी म्हणून.

खिडकीतला मोबाइल वाजला. खिडकीच्या गजांतून सूर्याला सगळं दिसत होतं.

पंकजा चुलीजवळून उठली. गुडघा धरून उठली, तरी धावली. "आले, आले… थांब रे बाळा, ह्या वेळी तरी थांब," म्हणत तिनं फोन दोन्ही हातांत घेतला, बोट पुसलं, दाबलं, पुन्हा पुसलं, पुन्हा दाबलं. काळ्या पडद्यावर कान लावला. "सूर्या? सूर्या, ऐकू येतंय का रे?" फोन वाजतच होता. मग थांबला. पडदा उजळला, विझला. पंकजानं फोन पदरानं पुसून जिथल्या तिथे ठेवला आणि त्याच्याकडे क्षणभर बघत उभी राहिली, मग पुन्हा चुलीकडे वळली.

बाहेर सूर्यानं फोन खिशात कोंबला. तो तसाच एका पायात चप्पल घेऊन आत आला आणि तिच्या पायांशी बसला.

"असं किती दिवस चाललंय, वैनी?"

"अय्यो, कधी आलास? एका पायात चप्पल काय…"

"किती दिवस?"

तिनं आचेवरून कढई उतरवली. "शेवटचं पाठवलंस ना तू, तेव्हापासून."

"मग मामांना छान चालतोय म्हणून का सांगितलंस? फोन असा झालाय तर अपडेट कशाला घेत राहिलीस? नको म्हणायचं होतं."

"तू पाठवलेलं मी कधी नको म्हटलंय का रे?" पंकजा साधेपणानं म्हणाली.

सूर्यानं पायातली उरलेली चप्पल काढून बाजूला ठेवली. चेन्नईतल्या त्या थंडगार खोलीत, लांबलचक टेबलाशी बसून तो स्वतःच्या तोंडानं काय म्हणाला होता, ते त्याला आठवलं, आणि ते तिला सांगितल्याशिवाय राहवेना. "वैनी, आम्हाला ठाऊक होतं, जुन्या फोनांना हे जड जाणार. तपासणीत दिसलं होतं. मीच म्हणालो, जुने फोन आता थोड्याच लोकांकडे उरलेत, चालेल."

पंकजानं हातातला झारा खाली ठेवला.

"ते थोडे म्हणजे मीच होते होय रे?" ती म्हणाली. तिच्या आवाजात रुसवा नव्हता, आणि म्हणूनच सूर्या तिच्या गुडघ्यावर डोकं टेकवून लहान पोरासारखा रडला. ती त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. केसांना पीठ लागलं, ते तिनं नंतर झटकलं.

दुपारभर तो झोपाळ्यावर तिचा फोन घेऊन बसला. साठलेलं काढून टाकलं, नको ते बंद केलं, फोन पुन्हा पुन्हा बंद करून चालू केला. जेवायला बोलावलं तरी उठला नाही. संध्याकाळी रंगामामा आणि सुब्बलक्ष्मीमामी आली. मामी नव्या साडीत, हातात चांदीची वाटी, वाटीत दूधभात. ती कूडमात, मधल्या मोठ्या खोलीत पाऊल टाकते तोच सूर्याच्या हातातल्या फोनला कंठ फुटला. महिन्याभरापूर्वी पाठवलेला, कधीच न उघडलेला निरोप होता तो, आणि आवाज सूर्याचा होता.

"वैनी… फोन का उचलत नाहीस? रागावलीस का माझ्यावर? ऐक. घास मला तुझ्याच हातचा पाहिजे. कोण काय म्हणेल ते म्हणू दे. मधुमिताला मी सांगितलंय, ती हो म्हणाली. तुला पटत नसेल तर काही बोलू नकोस, गप्प राहा, मी समजेन आणि मामींना विचारेन. पण गप्प राहू नकोस, वैनी."

मामी वाटी धरून जागीच थांबली. पंकजा देवाजवळ समईची वात सारखी करत होती, तिचा हात तसाच राहिला. विचारलं होतं… त्यानं विचारलं होतं! आणि तिच्या गप्प राहण्याचा अर्थ त्यानं नकार असा घेतला होता. तिनं तोंडाला पदर लावला.

मग तीच आधी सावरली. "सूर्या, आता मामींना शब्द दिलायस. त्यांचा मान मोडू नकोस. मी ऐकलं, मला पोचलं. बस झालं मला."

सुब्बलक्ष्मीमामीनं वाटीकडे पाहिलं, मग फोनकडे. बाई तोंडाची तिखट, पण मनातला हिशेब तिला चुकवता येत नसे.

"कसला मान?" ती म्हणाली. "हा डबा बंद पडला म्हणून वाटी माझ्याकडे आली. आता चालू झालाय ना? मग धर."

"मामी, मी विधवा…"

"ठाऊक आहे मला. ह्याला वाढवलंस तेव्हा कोण होतीस? तेव्हा आम्ही कुणी घास भरवायला आलो नव्हतो. धर म्हणते ना, हात दुखला माझा."

रंगामामांनी पाट मांडला. सूर्या देवासमोर बसला. पंकजा त्याच्यापुढे बसली, वाटी मांडीवर घेतली, वाटीतला गुळाचा खडा बोटानं चुरला आणि भात मऊ कालवला, तो लहान असताना कालवायची तसा. तिनं घास लहानच घेतला. सूर्यानं तोंड उघडलं. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला आता कुठलाच हात मोकळा नव्हता.

तेवढ्यात शेजारी ठेवलेला फोन टुणकन वाजला आणि लगेच उजळला. नवं अपडेट आलं होतं, घेऊ का म्हणून विचारत होता. इतक्या वर्षांच्या सवयीनं पंकजाचा डावा हात वाटी सोडून पुढे झाला, आणि मग मध्येच थांबला. तिनं सूर्याकडे पाहिलं.

"घेऊ?"

तोंडात दूधभात होता, त्याला बोलता येईना. त्यानं नुसती मान हलवली, नको.

पंकजानं चष्मा नाकावर सारखा केला, अक्षरं नीट वाचली आणि सूर्यानं पाठवलेल्याला आयुष्यात पहिल्यांदा "नको" म्हटलं. मग तिनं दुसरा घास कालवायला घेतला.