अर्धा लाडू

नवा माल बाजारात सोडायचा म्हटलं की ऐन वेळी काहीतरी अडतंच, हे दामिनीला पाठ होतं. या वेळी वेष्टनं अडली. गुडीहत्नूरच्या शेडमध्ये ज्वारीचे लाडू निळ्या क्रेटमध्ये तसेच पडून होते आणि इचोडा, बाजारहत्नूरचे दुकानदार फोन करकरून तिचं डोकं खात होते.

लाडू मुळात तिच्या नवऱ्याच्या, चंदनच्या डोक्यातला. हिवाळ्यात मालाची गाडी उलटून तो गेला, तेव्हा पाक नुकता जमू लागला होता. हा लाडू एकदा दुकानात लागला की आपण पोटभर रडायला मोकळ्या, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

दोघांची कामाची रीत ठरलेली. माल घेऊन चंदन पुढे जायचा. नवा जिन्नस दुकानदारासमोर मोडून अर्धा खायचा, अर्धा दामिनीसाठी ठेवायचा. मागून ती ऑर्डर घ्यायला जायची आणि तो अर्धा तुकडा चाखून खोट काढायची. गूळ कमी म्हणाली की हा पठ्ठ्या लगेच गूळ फोडायला बसायचा.

सकाळी तिनं शेड उघडली. कुलूप शाबूत होतं, क्रेट नव्हते. चोरी म्हणून ती ओरडणार, तेवढ्यात इचोड्याच्या पांडुरंगरावांचा फोन आला.

"माल भेटला, बाई."

"कोणी आणला?"

ते घुटमळले. "मी मयतीले आलतो न त्याच्या... तुमीच येऊन पाहा."

भुताखेतांवर दामिनीचा काडीचा विश्वास नव्हता. कोणी थट्टा करत असेल तर त्याची खरडपट्टी काढायची, याच तावात ती स्कूटीवरून इचोड्याला पोचली. पांडुरंगरावांनी गल्ल्याशेजारची वाटी उचलली. खाली अर्धा लाडू होता. त्यावर चंदनच्या तुटक्या दाताची खूण होती.

ती तशीच दाराकडे वळली.

"कुठं गेले?"

"बाजारहत्नूरले."

लाडवाला हात न लावता ती निघाली. बाजारहत्नूरला जयवंताबाई दुकानाच्या दारातच उभी होती.

"आत्ताच गेले. तू मागून येतं म्हणे." तिनं कागदातला अर्धा लाडू पुढे केला. दामिनी तो न घेता पायरीवर बसली आणि भर बाजारात हंबरडा फोडून रडली. आयुष्यभर हा माणूस पुढे आणि आपण मागे.

फोन वाजला. सासूबाई होत्या, गयाबाई.

"काऊन गेली वं तू? चंदन आलता. रिकामे क्रेट घेऊन."

रिकामे क्रेट! फेरी नेहमी घरीच संपायची. तेवढंच ती विसरली होती.

"त्याईले थांबवाचं न, आई!"

"थांब म्हटलं. तिनं अजून चाखला नाई, म्हणे."

दामिनी घरी आली. अंगणात क्रेट धुऊन पालथे घातले होते. पाणी अजून ठिबकत होतं.

वरच्या क्रेटवर अर्धा लाडू होता. मुंग्यांची रांग त्याला वळसा घालून चालली होती.

तिनं तो तोंडात घातला. पाक अगदी जमला होता.

"गूळ कमी झाला," ती मुद्दाम मोठ्यानं म्हणाली.

अंगणात तिच्याशेजारी उभ्या गयाबाईंनी तिचा हात घट्ट धरला.

रिकाम्या घरात, आतल्या खोलीत, कोणीतरी गूळ फोडायला लागलं.